मुद्राक्षरांच्या रेखनातील क्रमविचार

देवनागरीचा नवा मुद्राक्षरसंच सिद्ध करावयाचा म्हणजे वर्णमाला सुबक वळणाने काढावयाची, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वर्णमाला हा या कार्याचा केवळ प्रारंभ होय. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीच्या मूळ विभागास १२८ स्थाने दिलेली आहेत. परंतु जोडाक्षरांना तीत स्वतंत्र स्थान नाही. त्यांच्या आकृती रेखकालाच काढाव्या लागतात आणि त्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. म्हणून रेखनाचा क्रम कोणता असावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

वर्णमालेची मांडणी उच्चारस्थानांवर आधारलेली आहे, आकारसाम्यावर नव्हे. ‘प’ व ‘ष’ उच्चाराने दूरचे, पण आकाराने सख्खे शेजारी. तेव्हा प्रथम शिरोरेषा व काना यांची जाडी निश्चित करावी आणि नंतर अक्षरांची कुळे पाडावीत. ‘व’ साधला म्हणजे ‘ब’ आणि ‘क’ यांचा पाया तयार होतो; ‘प’वरून ‘ष’ व ‘फ’ यांकडे जाता येते. ‘ग’, ‘त’, ‘न’, ‘स’ यांसारख्या अक्षरांचा काना वगळला की जोडाक्षरांस लागणारी अर्धी रूपे बहुतांशी हाती येतात. ‘ट’, ‘ड’, ‘द’ यांना पूर्ण काना नसल्यामुळे त्यांच्या जोडण्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ‘दर्‍या’ या शब्दातील रकाराचे खास रूपही मराठीसाठी विसरून चालणार नाही.

तथापि साम्य म्हणजे नक्कल नव्हे. ‘ब’च्या पोटातील तिरकी रेघ आतील पोकळी व्यापते, म्हणून ते पोट ‘व’पेक्षा किंचित मोठे ठेवावे लागते. ‘क’ला उजवीकडेही अवयव असल्याने त्याचे पोट आवळावे लागते. याहून नाजूक जागा ‘घ’ व ‘ध’, ‘म’ व ‘भ’ या जोड्यांची. लहान आकारात शिरोरेषेतील खंड बुजला, की ‘धन’चे ‘घन’ आणि ‘भार’चा ‘मार’ होतो. येथे प्रश्न सौंदर्याचा नसून अर्थाचा आहे.

यास्तव प्रत्येक कुळातील एकेक अक्षर सिद्ध होताच त्यांचे शब्द जुळवून, ते प्रत्यक्ष वाचनाच्या आकारात छापून पाहावेत. दोष तेव्हाच ध्यानी आला, तर एक अक्षर सुधारावे लागते. सर्व जोडाक्षरे झाल्यावर आला, तर संपूर्ण कुळ. क्रमबद्ध रेखनाने वाचलेला वेळ अशा परीक्षणास देणे, हेच त्या क्रमाचे खरे प्रयोजन होय.