बोटीची मोटर जोर का धरत नाही?

गोंदिया शहराजवळच्या मुर्री गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. इथल्या मुलांच्या ओळखीची नाव म्हणजे तलावातला ढिवरांचा डोंगा. मग मोटरच्या बोटीची माहिती आपल्याला कशाला हवी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वैनगंगा नदी देते. २०२० साली ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवर या धरणातून फार मोठ्या प्रमाणावर पाणी सोडले गेले आणि वैनगंगेला महापूर आला. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील अनेक गावांना पाण्याने वेढले. रस्ते बुडाले. माणसांना बोटींतून बाहेर काढावे लागले.

अशा बोटीच्या मागच्या फळीवर एक मोटर अडकवलेली असते. तिला आउटबोर्ड मोटर म्हणतात, म्हणजे बोटीच्या बाहेर बसवलेली मोटर. वर इंजिन, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात फिरणारा पंखा, अशी तिची रचना असते. मोटर उचलून गाडीत ठेवता येते आणि दुसऱ्या बोटीला लावता येते. अमेरिकेत ओल एव्हिनरूड या कारागिराने १९०९ साली अशा मोटरी विकायला सुरुवात केली. उन्हाळ्यात तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारून तो थकला, आइस्क्रीमही वितळले, आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात.

या मोटरचा एक दोष मोठा फसवा असतो. मोटर पहिल्या झटक्यात सुरू होते. हळू चालवली तर छान चालते. पण मूठ पूर्ण फिरवून सगळा जोर मागितला की तिचा दम तुटतो. शांत तलावात एवढ्याने फारसे बिघडत नाही. पुरात मात्र हाच दोष जिवावर बेततो. समजा, पाण्याचा वेग ताशी १० किलोमीटर आहे आणि बोटही ताशी १० किलोमीटरच जाऊ शकते. तिला प्रवाहाच्या उलट जायचे असेल, तर मोटर गर्जत राहील आणि बोट एकाच झाडासमोर उभी राहील. वेग आणखी थोडा कमी झाला, तर ती मागे वाहत जाईल.

अशा वेळी चांगला मिस्त्री लगेच पाना हातात घेत नाही. आधी तो कान देतो. मूठ फिरवल्यावर इंजिनाचा आवाज चढतो का, हे तो ऐकतो. बहुतेक आउटबोर्ड मोटरी पूर्ण जोरात मिनिटाला साधारण ५००० ते ६००० फेरे घेतात. आवाज उंच चढला पण बोट पुढे सरकली नाही, तर इंजिन ताकद देत आहे, ती पाण्यापर्यंत पोहोचत नाही. आवाजच चढला नाही, तर एक तर इंजिनाला काहीतरी कमी पडते आहे, नाहीतर त्याच्यावर ओझे फार आहे. या एका प्रश्नाने निम्मे काम होते. जोर, ताकद, हवा, दम हे शब्द तुम्हाला उर्दूतूनही माहीत आहेत. या धड्यात तेच शब्द पुन्हा पुन्हा येतील, कारण बोटीचे दुखणे त्यांच्यातच असते.

आधी आवाज न चढणारी मोटर पाहू. इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी या तीन गोष्टी लागतात. हळू चालताना पेट्रोल अगदी थोडे लागते. पूर्ण जोरात ते कितीतरी पट जास्त लागते. म्हणून पेट्रोलची वाट थोडी अडली असेल, तर हळू चालताना काहीच कळत नाही. नळाला बारीक धार येत असेल तर पेला भरतो, पण त्याच वेळात बादली भरत नाही, तसेच हे आहे.

सर्वांत साधे कारण टाकीच्या झाकणावर असते. तिथे हवा आत जाण्यासाठी एक लहानसा स्क्रू असतो. तो उघडायचा राहिला, तर पेट्रोल बाहेर जाते पण त्याच्या जागी हवा आत येत नाही. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला दुकानदार दोन छिद्रे का पाडतो, हे तुम्ही पाहिले असेल. एकाच छिद्रातून तेल अडखळत येते. दुसरे छिद्र पाडले की सरळ धार लागते. टाकीचेही तसेच आहे. स्क्रू बंद असला तरी मोटर काही मिनिटे उत्तम चालते, कारण टाकीत आधीची हवा असते. मग हळूहळू दम कमी होतो. नेमकी त्या वेळी बोट पाण्याच्या मधोमध असते!

टाकीपासून मोटरपर्यंत एक रबरी नळी जाते आणि तिच्यावर लिंबाएवढा किंवा त्याहून थोडा मोठा रबरी फुगा असतो. मोटर सुरू करण्यापूर्वी तो दाबून पेट्रोल पुढे ढकलतात. हाच फुगा दोषही दाखवतो. मोटर दम सोडू लागली की सोबतचा माणूस फुगा दाबत राहतो. त्यामुळे मोटर पुन्हा जोर धरू लागली, तर पेट्रोल कमी पडत होते, हे नक्की झाले. पेट्रोल खेचणारा पंप अशक्त झाला असेल किंवा नळीच्या जोडातून हवा आत शिरत असेल. फुगा चिपाडासारखा चपटा झाला, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. हवेचा तो स्क्रू, टाकीतली जाळी किंवा दुमडलेली नळी, यांपैकी एक गुन्हेगार असतो. या तपासणीला एक पैसाही लागत नाही. दुकानातून नवे भाग आणण्यापूर्वी ती करायलाच हवी.

पेट्रोलमध्ये पाणी मिसळले तरी हाच त्रास होतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड असते. म्हणून ते टाकीच्या तळाशी बसते, आणि पेट्रोल खेचणारी नळीही तळापर्यंतच गेलेली असते. मिस्त्री थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून ठेवतो. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. ज्या मोटरींना कार्बोरेटर असतो, त्यांत आणखी एक गंमत असते. हळू चालण्यासाठी पेट्रोलचे एक छिद्र आणि जोरात चालण्यासाठी दुसरे. मोटर वर्षभर कोपऱ्यात पडून राहिली, तर जुने पेट्रोल सुकून त्याचा डिंक होतो. त्याने जोरात चालण्याचे छिद्र बुजले, तर मोटर हळू चालते आणि जोराने चालत नाही. बचावासाठी ठेवलेल्या बोटी तर पूर नसेल तेव्हा महिनोन् महिने उभ्याच असतात.

ठिणगीची बाब थोडक्यात सांगता येते. दोन नळकांड्यांच्या मोटरमध्ये एक प्लग बंद पडला, तर निम्मी ताकद गेली. अशा मोटरचा आवाज फुटका येतो आणि ती थरथरते. विजेच्या तारा तपासणे हे जाणकाराचेच काम आहे.

मोटर तापली तरी दम सोडते. ती बाहेरचे पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते आणि वापरलेल्या पाण्याची एक बारीक धार मागून पिचकारीसारखी पडत राहते. पुराच्या पाण्यात गाळ असतो, धानाचे तणस असते, प्लास्टिकच्या पिशव्या असतात. त्यांनी पाणी ओढण्याची जाळी बुजली की धार थांबते. काही नव्या मोटरी अशा वेळी आपला वेग आपोआप कमी करतात. तो दोष नव्हे, मोटर स्वतःला वाचवत असते. याच कारणाने मोटर कधीही पाण्याबाहेर कोरडी चालवत नाहीत. आतला रबरी पंप थोड्याच वेळात जळून जातो.

आता दुसरा प्रकार. आवाज चढतो, बोट मात्र जात नाही. इथे पंख्याकडे पाहावे लागते. पण त्याआधी मोटर बंद करून सुरक्षेची दोरी काढून घेतात. फिरू शकणाऱ्या पंख्याला हात लावणे म्हणजे बोटे गमावणे. पंख्याला जाळ्याचा धागा किंवा तलावाकाठच्या बेशरमच्या फांद्या गुंडाळल्या असतील, तर त्या सहज दिसतात. न दिसणारा दोष पंख्याच्या पोटात असतो. पंखा आणि मधला दांडा यांच्यामध्ये रबराचे एक जाड कडे असते. पंखा दगडावर आदळला तर हे कडे घसरते आणि आतली दातेरी चाके वाचतात. पण एकदा सैल झालेले कडे हळू चालताना पकड धरते आणि जोर दिला की घसरते. हे ओळखण्यासाठी मिस्त्री पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावरून रंगाची एक सरळ रेघ ओढतो. बोट जोरात चालवून आणतो. रेघ तुटून दोन तुकडे वेगवेगळ्या जागी गेले असतील, तर कडे घसरते आहे.

मोटर फार उंच बसवली तरी पंखा पाण्याबरोबर वरची हवा खेचतो आणि नुसता गरगर फिरतो.

कधी कधी मोटरमध्ये काहीच बिघाड नसतो. पंख्याच्या पात्यांचा तिरकेपणा जास्त असला, तर आवाजच चढत नाही. सायकल चढावर जड गिअरमध्ये चालवल्यासारखे होते. वजनही पाहावे लागते. बोटीच्या तळाशी १०० लिटर पाणी साचले, तर १०० किलो वजन वाढले. घाबरलेली माणसे मागे एकत्र बसली की बोटीचे तोंड वर उठते आणि ती पाणी कापण्याऐवजी ढकलत राहते. दोन माणसांना पुढे सरकवले तरी अशी बोट वेग घेऊ शकते.

पावसाळ्यापूर्वी बोटीची चाचणी घेतात, तेव्हा मोटर पाण्याच्या पिंपात चालवून भागत नाही. पिंपात तिला बोट ओढायची नसते, त्यामुळे आजारी मोटरही निरोगी वाटते. बोट तलावात उतरवून, तिच्यात माणसांच्या वजनाची वाळूची पोती ठेवून, मूठ पूर्ण फिरवून दहा-पंधरा मिनिटे चालवावी लागते. नंतर टाकी गाडीत ठेवताना पेट्रोल सांडू नये म्हणून झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद करतात. पुढच्या वेळी घाईत तो उघडायचा राहतो, तो असाच.