खाडीकाठचा कांदळ आणि एक शेतमजूर

केरळच्या कण्णूर जिल्ह्यातील पळयंगाडी येथे खाडीकाठच्या बांधावर वारा व लाटांचा मारा बसे. त्याच वाटेने मुले शाळेत जात. एळोम गावचे शेतमजूर कल्लेन पोक्कुडन यांनी १९८९ मध्ये तेथे कांदळाची सुमारे ५०० रोपे लावली. मल्याळममध्येही या झाडाला ‘कंडल’च म्हणतात, पुढे ते ‘कंडल पोक्कुडन’ म्हणूनच ओळखले गेले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या भागात ‘कैपाड’ शेती चालते. पावसाने जमिनीतील क्षार धुतले गेले की मातीच्या उंचवट्यांवर भात, त्यानंतर कोळंबी. बांध फुटला तर उभ्या भातात खारे पाणी शिरते. म्हणून कांदळाचे रक्षण हे येथे पिकाचेही रक्षण होय.

लागवडीस मोठा खर्च लागत नाही. रायझोफोरा कांदळाचे बी झाडावरच रुजून लांब शेंगेसारखे लोंबते. पक्व होऊन सहज सुटणारे अंकुर गोळा करून त्यांचा सुमारे एक तृतीयांश भाग चिखलात सरळ खोचावा. जागेची निवड मात्र चुकू नये. भरतीचे पाणी अडले असेल, तर आधी त्याची वाट मोकळी करावी. पाणपक्षी चरतात त्या उघड्या चिखलपट्ट्यांवर तर लागवड करूच नये. केवळ रोपांचा आकडा फुगवण्यासाठी तसे करणे म्हणजे एक पाणथळ अधिवास मोडून दुसरा उभारणे. रोपे तग धरेपर्यंत त्यांत अडकणारे प्लास्टिक व शेवाळ काढण्याचे काम गावातील तरुण मंडळाकडे सोपवता येते.