गोठ्यातला धूर आणि दुधातले विष

पावसाळा लागला की वाशीम, रिसोड, मालेगावकडच्या गावांत दिवेलागणीला गोठ्यागोठ्यांतून धूर निघतो. गोवऱ्या आणि कडुनिंबाचा पाला जाळून जनावरांना डास-माश्यांपासून आराम द्यायचा, ही आपली जुनी रीत. पण आता घरोघरी फोमच्या गाद्या, टीव्ही, विजेच्या वायरी आल्या आहेत. जुन्या झाल्या की त्यांचे तुकडे कधी या धुरात, कधी उकिरड्यावर, तर कधी होळीत जातात. भगिनींनो व बंधूंनो, ही सवय धोक्याची आहे.

फोम आणि प्लास्टिक झटकन पेट घेतात. म्हणून अशा कित्येक वस्तूंत कारखान्यातच आगरोधक रसायने मिसळली जातात. त्यांतली ब्रोमीनयुक्त रसायने फार चिवट. ती चरबीत मुरतात आणि वर्षानुवर्षे शरीरातून जात नाहीत. चरबीत मुरणारे विष दुधात उतरते, मग ते गाईचे असो की आईचे.

एका चुकीच्या पोत्याची किंमत

अमेरिकेतील मिशिगन राज्यात 1973 साली घडलेली गोष्ट प्रत्येक पशुपालकाने ऐकावी. तेथील एक कारखाना गुरांच्या खाद्यात घालायचे मॅग्नेशियम ऑक्साइड ‘न्यूट्रिमास्टर’ या नावाने विकी आणि आगरोधक रसायन ‘फायरमास्टर’ या नावाने. नावे सारखी, पोत्यांची अदलाबदल झाली आणि आगरोधक रसायन पशुखाद्यात मिसळले गेले. फ्रेडरिक हॉलबर्ट या शेतकऱ्याच्या गाई खाईनात, दूध आटले. त्याने स्वतः पाठपुरावा केला, तेव्हा कुठे 1974 च्या वसंत ऋतूत खरे कारण कळले. तोवर ते दूध, मांस आणि अंडी लाखो लोकांच्या पोटात गेली होती. सुमारे 30 हजार गुरे आणि 15 लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या.

चाळीस वर्षांनंतरही तेथील लोकांच्या रक्तात ते रसायन सापडले. ज्या मुलींना ते आईच्या पोटात आणि अंगावरच्या दुधातून जास्त मिळाले, त्यांना पाळी लवकर आल्याचे संशोधकांना आढळले. अशा रसायनांचा संबंध थायरॉईडच्या बिघाडाशी आणि मुलांच्या बौद्धिक वाढीतील अडथळ्यांशीही जोडला गेला आहे.

मिशिगनच्या गुरांनी ते रसायन थेट खाल्ले. आपल्या गोठ्यात तेवढे जाणार नाही. पण वाट तीच आहे. प्लास्टिकच्या वायरी आणि असे फोम उघड्यावर जळले की डायऑक्सिनसारखी आणखी जहाल विषे तयार होतात. त्यांची काजळी कडबा-कुटारावर बसते, जनावर ते खाते आणि दूध आपल्या लेकरांच्या वाटीत येते.

घरात काय करावे?

भारत सरकारने 2018 च्या नियमांनी यांतल्या काही ब्रोमीनयुक्त रसायनांवर बंदी घातली. पण बंदीपूर्वीच्या वस्तू घरात असू शकतात. प्रत्येक गादीत हे रसायन असतेच असे नाही. मात्र बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही. म्हणून एवढे पाळावे:

1. फोम, वायर, टीव्ही-रेडिओचे खोके गोठ्यात, चुलीत किंवा होळीत जाळू नये. धुरासाठी गोवरी आणि पालाच बरा. तोही गोठ्यात कोंडू देऊ नये.

2. तांब्यासाठी वायर जाळू नये. सोलून तांबे काढावे.

3. फाटक्या गादीला जाड खोळ घालावी. फोमचा भुसा घरभर पसरू देऊ नये.

4. ही रसायने धुळीत साठतात आणि रांगणारे मूल तेच हात तोंडात घालते. म्हणून कोरडे झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे आणि जेवण्यापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत.

5. बिघडलेली विजेची उपकरणे साठवून ठेवावीत आणि नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावीत. जवळचे केंद्र कोणते, हे तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत किंवा उपकरणांच्या दुकानात विचारावे.

6. आईने बाळाला पाजणे मात्र थांबवू नये. आईच्या दुधाचे फायदे मोठे आहेत.

आपल्या वऱ्हाडात कापूस पिकतो. नवी गादी घ्यायची झाली, तर आपल्याच कापसाची भरून घ्यावी. जुनी झाली की पुन्हा पिंजता येते, जाळावी लागत नाही.