लंडनच्या चिकणमातीतला हिवाळा

लंडनमध्ये हिवाळ्यात भाजी खायची असेल तर तयारी मे-जूनमध्येच करावी लागते. जांभळी ब्रोकोली, ब्रसेल्स स्प्राउट, केल, लीक, पार्सनिप यांतलं जे काही डिसेंबर-जानेवारीत काढायचं, ते उन्हाळ्यातच रानात उभं राहिलेलं असावं लागतं. ऑक्टोबरच्या अखेरीस इथला दिवस दहा तासांच्या आत येतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तसाच राहतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सकाळी आठला उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. एवढ्या उजेडात रोपं जीव धरून राहतात, वाढत मात्र नाहीत. आपल्याकडे थंडी पडली की मेथी, मटार, फ्लॉवर, गाजरांनी बाजार भरून जातो. इथे थंडीत जे आहे ते राखायचं असतं. एप्रिल लागला आहे, ब्रोकोलीचे शेवटचे तुरे निघाले आहेत, म्हणून सरलेल्या हिवाळ्याचा हा मागोवा.

माझा मळा म्हणजे अलॉटमेंट. स्थानिक परिषदेची जमीन, वर्षाला थोडं भाडं भरून भाजी पिकवण्यासाठी मिळालेली. इंग्लंडभर अशा जमिनी आहेत आणि त्यांचा मुख्य आधार १९०८ चा कायदा. पूर्ण प्लॉट आजही १० रॉड असा मोजतात. हे जुनं माप आपल्या हिशेबात बरोबर अडीच गुंठे भरतं, कारण चार चौरस रॉडचा एक गुंठा होतो. माझ्याकडे अर्धा प्लॉट आहे, सव्वा गुंठा. शेजारी एका बांगलादेशी कुटुंबाचा दुधी-भोपळ्याचा मांडव, पलीकडे जमैकाहून आलेल्या आजोबांची कलालू, म्हणजे आपल्या माठाच्या कुळातली पालेभाजी, आणि कोपऱ्यात एका इंग्रज आजींचा प्लॉट. नोव्हेंबरात मांडव रिकामा होतो, कलालू पहिल्या दहिवरात काळी पडते आणि आजींचा प्लॉट तेवढा हिरवा दिसतो. हिवाळ्याची भाजी मी त्यांच्याकडे बघत शिकले.

माती सांभाळायला मात्र जुन्नरहून शिकले. लंडनच्या बऱ्याच भागाखाली जड चिकणमाती आहे. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि बुटाला किलोकिलोने चिकटते. आमच्या वडिलांच्या रानातली काळी माती अशीच वागते. दोन्हींत पाणी पिऊन फुगणारी आणि वाळली की आकसणारी चिकण भरपूर असते. फरक एवढाच की तिकडे पाऊस उघडला की ऊन पडतं आणि चार-आठ दिवसांत माती वाफशावर येते. इथे नोव्हेंबरनंतर पाऊस फार जोराचा नसतो, पण पडलेलं पाणी उडून जायला ऊनच नसतं. माती महिनोन् महिने ओलीच.

नोव्हेंबरात फोनवर मी वडिलांना म्हटलं, "दादा, वाफसाच येत नाही, काय करू?" ते म्हणाले, "मग रानात पाय घालू नको. ओल्यात तुडवलं की ढेकळं पडतील, ती उन्हाळाभर फुटायची नाहीत." यंदाच्या हिवाळ्याचं सगळं काम या एका वाक्यावर चाललं. वाफ्यांच्या मधे फळ्या टाकल्या आणि जे करायचं ते फळीवर उभं राहून. कुदळ खोपटातून बाहेरच काढली नाही. इथे जुन्या पद्धतीत लोक शरदात प्लॉट खोल खणून मोठी ढेकळं उघडी टाकतात, म्हणजे गोठणाऱ्या आणि वितळणाऱ्या पाण्याने ती आपोआप फुटतील. ही पद्धत खोटी नाही; जड जमिनीत कडक थंडी हे काम खरंच करते. पण आता लंडनच्या थंडीचा तेवढा भरवसा राहिला नाही, आणि उघड्या मातीवर चार महिने पाऊस मारत राहिला की वरचा थर दाबून बसतो. समरसेटमधले चार्ल्स डाउडिंग १९८० च्या दशकापासून न खणता भाजी पिकवत आले आहेत: खत वर पसरायचं, ते खाली न्यायचं काम गांडुळांवर सोडायचं. मला त्यांचं म्हणणं पटतं. रिकाम्या झालेल्या प्रत्येक वाफ्यावर घोड्याच्या कुजलेल्या लिदीचा चार बोटं थर दिला, दोन वाफ्यांवर ओला पुठ्ठा आणि त्यावर पाचोळा. मार्चमध्ये पुठ्ठा उचलला तेव्हा खालची माती बोटांत रव्यासारखी मोकळी झाली होती, आणि तिच्यात जागोजाग गांडुळांची बिळं होती. शेजारचा एक प्लॉट ऑक्टोबरात उघडा सोडलेला. त्यावर शेवाळाची हिरवी साय धरली होती आणि पाणी मुरायलाच तयार नव्हतं.

लसूण लावला ऑक्टोबरच्या शेवटी. नाशिक-पुण्याकडेही रब्बीचा लसूण याच सुमाराला लागतो, म्हणून हे काम करताना मला दोन्ही रानांत असल्यासारखं वाटतं. गड्डा फोडायचा, बाहेरच्या जाड पाकळ्या निवडायच्या, टोक वर ठेवून दोन इंच खोल लावायच्या, दोन पाकळ्यांत वीतभर अंतर. पहिल्या आठवड्यात पक्षी येऊन पाकळ्या उपसून टाकतात, त्यांना त्या खायच्याही नसतात. म्हणून वर जाळी. इथल्या लसणाला थंडी लागतेच. महिना-दोन महिने मुळांना गारठा मिळाला नाही तर उन्हाळ्यात गड्ड्याला पाकळ्या फुटत नाहीत, सबंध एकच गोळा निघतो. जानेवारीत सकाळी वाफ्यावर दहिवर पांढरं धरलेलं, आणि त्यातून लसणाची बोटभर हिरवी पात सरळ उभी. तिकडे दादांचा लसूण मार्चला निघाला, माझा जुलैत निघेल.

ब्रॉड बीन, म्हणजे बाकला, नोव्हेंबरात पेरला. अ‍ॅक्वाडल्स क्लॉडिया हा जुना वाण थंडी सोसतो आणि वसंतातल्या पेऱ्यापेक्षा लवकर शेंगा देतो. काळा मावा पडायच्या आधी शेंगा भरतात, हा त्याचा खरा फायदा. मेथी पहिल्या कडक दहिवरात गेली. ती जाणारच होती, सप्टेंबरात तिच्या दोन खुडण्या मिळाल्या. कोथिंबीर मात्र चिवट. वर पातळ कापड टाकलं तर ती सबंध हिवाळा तग धरते, वाढत नसली तरी वाटीभर पानं कधीही देते. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना मला एवढंच सांगावंसं वाटतं की ऑगस्टच्या शेवटी कोथिंबीर पेरा.

थंडीचं दुसरं देणं म्हणजे गोडी. पार्सनिपच्या मुळात साठलेल्या पिठाची गारठ्यात साखर होते, आणि ती साखर पेशींतलं पाणी सहज गोठू देत नाही. केल आणि स्प्राउटमध्येही गोडी अशीच उतरते. म्हणून आजी पहिलं कडक दहिवर पडेपर्यंत पार्सनिपला हात लावत नाहीत, आणि नाताळच्या आदल्या दिवशी मात्र अख्खी ओळ काढतात. १९४७ च्या हिवाळ्यात इथली जमीन इतकी गोठली होती की काही ठिकाणी पार्सनिप काढायला रस्ता फोडायची यंत्रं लावावी लागली. युद्ध नुकतंच संपलं होतं, रेशन चालू होतं. त्याआधी ऑक्टोबर १९३९ मध्ये सरकारने 'डिग फॉर व्हिक्टरी' ही मोहीम काढली. तिच्यामुळे अलॉटमेंटची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली आणि टॉवर ऑफ लंडनच्या खंदकातही भाजी लागली. त्या मोहिमेच्या पत्रकांत मला सर्वांत शहाणी वाटते ती वर्षभराच्या पिकांची आखणी. उन्हाळ्यात भाजी कोणीही पिकवतो. फेब्रुवारीत ताटात हिरवं काय असेल, याचा विचार ते लोकांना जूनमध्ये करायला लावत होते.

जानेवारीत एकदाच बर्फ धरला, आणि त्या दिवशी कामाची घाई झाली. ब्रोकोली आणि केलवर रानकबुतरांसाठी जाळी बांधलेली असते. दुसरं काही हिरवं उरलेलं नसलं की ती कबुतरं एका सकाळीत झाडाच्या नुसत्या शिरा ठेवतात. जाळीवर बर्फ बसला की तिला झोळ पडतो, वजनाने कांब्या वाकतात आणि खालचे शेंडे मोडतात. केरसुणीच्या दांड्याने जाळी खालून हलके ठोकायची, बर्फ भुगा होऊन गळतो. वरून झाडायला गेलं तर जाळी फाटते. अशा दिवसांत नळालाही पाणी नसतं, कारण नळ फुटू नयेत म्हणून ते नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बंद ठेवतात. हात धुवायला पिंपातलं पाणी, तेही वरचा बर्फ फोडून.

त्याच आठवड्यात भोगी आली. लेकुरवाळी भाजी करायची तर वांगी आणि ओला हरभरा दुकानातूनच आणावा लागतो, त्याला इलाज नाही. पण गाजरं माझ्या मळ्यातली होती. पेंढ्याचा जाड थर टाकून ती मातीतच ठेवली होती, वरची माती कडक झाली तरी खाली बोटं घालता येत होती. शेवग्याच्या जागी लीकचे पांढरे तुकडे घातले आणि पार्सनिपच्या फोडी. तीळ-शेंगदाण्याच्या कुटात दोन्ही चांगले मुरतात. आजींना डबा दिला, बाजरीची भाकरी आणि लोणी घालून. त्यांनी पार्सनिप लगेच ओळखला आणि तिळाबद्दल विचारत राहिल्या.

हिवाळा उतरू लागल्यावर जे पहिलं नवं पीक हाती येतं ते रुबार्ब. जानेवारीत त्याच्या गड्ड्यावर बादली पालथी घालायची, अंधारात देठ लांबतात आणि गुलाबी, कोवळे होतात. यॉर्कशरमध्ये वेकफिल्डच्या आसपास हेच मोठ्या काळोख्या शेडमध्ये करतात आणि मेणबत्तीच्या उजेडात देठ काढतात. रुबार्ब आणि आपला आंबट चुका एकाच कुळातले. म्हणून इंग्रज त्याला साखर घालून गोड करतात तेव्हा मला वाटतं, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि लसणाची फोडणी हीच त्याची खरी जागा आहे. पानं मात्र विषारी असतात, ती सरळ खताच्या ढिगावर. बादलीखाली ठेवलेल्या गड्ड्याला पुढच्या वर्षी विश्रांती द्यावी लागते.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर केलला नवी पानं आली, बाकल्याला फुटवे आले. खिडकीत अंड्यांच्या ट्रेमध्ये बटाटे मोड काढायला ठेवले. इथे लवकरचा बटाटा गुड फ्रायडेला लावायचा रिवाज आहे. आणि मार्चमध्ये जांभळी ब्रोकोली. एका झाडाने सुमारे दहा महिने जागा अडवलेली असते, त्यामुळे नवे लोक ती लावायला कचरतात. मी म्हणेन, एकच हिवाळी भाजी लावायची असेल तर हीच लावा. मधला तुरा काढला की बगलेतून फुटत राहते, आणि वाफ्यातून घरी आणून पाच मिनिटांत परतली तर दुकानातल्या ब्रोकोलीशी तिची तुलनाच होत नाही.

आता एप्रिल-मे हा खरा टंचाईचा काळ. हिवाळ्याची पिकं फुलावर जातात आणि नवी अजून हातभर वर आलेली नसतात. यंदा तेवढ्या दिवसांसाठी शेवटचे लीक राखून ठेवले आहेत.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांपैकी कोणाच्या मनात असेल तर नाव आजच परिषदेच्या यादीत घालावं. लंडनमध्ये प्लॉटसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. आणि प्लॉट ऐन नोव्हेंबरात मिळाला तर वसंताची वाट बघत तो सोडून ठेवू नका. तण कापा, पुठ्ठा अंथरा, वर खत पसरा, आणि एका वाफ्यात लसूण लावा.