वसुंधरेच्या सेवेचीं पारितोषिकें व आपला शेतकरी

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या गांवीं एका कंपनीचे गृहस्थ आले होते. चावडीसमोरच्या पारावर बसून त्यांनीं आपल्या कंपनीस मिळालेल्या आंतरराष्ट्रीय मानपत्राचें रंगीत चित्र सर्वांस दाखविलें, व मागाहून जमीनधारकांच्या सह्यांसाठीं एक छापील इंग्रजी करारनामा पुढें केला. जमिनींतील कर्ब वाढविल्याबद्दल शेतकऱ्यास पैसे मिळावयाचे, असा त्यांतील मुख्य मुद्दा. मानपत्राचें चित्र पाहून तिघांनीं लागलीच सह्या केल्या. मी निम्मी हयात महसूल खात्यांत कारकुनी केलेला मनुष्य. न वाचलेल्या कागदावर सही म्हटली कीं माझें मन कचरतें. म्हणून हीं पारितोषिकें कोण देतो, कोणास मिळतात व त्यांचा आपणांशीं संबंध काय, याची मीं माहिती मिळविली. ती वाचकांपुढें ठेवणें उपयोगाचें होईल असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

यांतील सांप्रत विशेष गाजलेलें पारितोषिक म्हणजे ‘अर्थशॉट’. इंग्लंडचे सध्याचे युवराज विल्यम यांनीं २०२० सालच्या ऑक्टोबरांत त्याची सुरुवात केली. मनुष्यास चंद्रावर उतरविण्याचा जो संकल्प अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनीं १९६१ सालीं जाहीर केला, त्याच धर्तीवर पृथ्वीच्या दुरुस्तीचा दहा वर्षांचा संकल्प करावा, ही त्यामागील कल्पना. २०२१ पासून २०३० पर्यंत दरवर्षीं पांच पारितोषिकें द्यावयाचीं, व प्रत्येक पारितोषिक दहा लक्ष पौंडांचें. निसर्गाचें रक्षण, स्वच्छ हवा, सागरांचें पुनरुज्जीवन, कचरारहित जग आणि हवामानाची दुरुस्ती, असे त्याचे पांच विभाग आहेत. नेमलेल्या संस्था व व्यक्ति नांवें सुचवितात, तज्ज्ञ त्यांची छाननी करतात, प्रत्येक विभागांत तीन याप्रमाणें पंधरा नांवें अखेरच्या फेरीस ठेवतात आणि शेवटीं एक मंडळ निवाडा देतें.

अभिमानाची गोष्ट ही कीं, पहिल्या तीन वर्षांत भारतांत उगम पावलेल्या अगर भारतांत काम करणाऱ्या चार उद्योगांस हें पारितोषिक मिळालें, आणि ते चारही शेतीशीं निगडित आहेत.

पहिला ‘टकाचार’, २०२१ सालचा. विद्युत मोहन हे त्याच्या संस्थापकांपैकीं एक. पंजाब-हरियाणांत भाताचीं धसकटें जाळल्यानें दिल्लीकडे धुराचा कोट उभा राहतो, हें सर्वश्रुत आहे. यांचें लहानसें यंत्र ट्रॅक्टरमागें जोडून शेतावरच नेतां येतें. तें काडीकचरा मोजक्या हवेंत भाजून त्याचा जळाऊ व खताच्या कामीं येणारा कोळसा करतें. दुसरा तेलंगणांतील ‘खेती’, २०२२ सालचा. अल्पभूधारकास परवडेल असें छोटें हरितगृह ही त्याची कामगिरी. मोकळ्या रानापेक्षां पाणी शेंकडा ९८ कमी व उत्पन्न सातपट, असे आंकडे पारितोषिकाच्या वेळीं प्रसिद्ध झाले.

तिसरा आपल्या महाराष्ट्रांतील. ‘एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज’ या उद्योगास २०२३ सालीं सिंगापूर येथील समारंभांत ‘कचरारहित जग’ या विभागाचें पारितोषिक मिळालें. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेंत शिकलेल्या तरुणांनीं तो काढला. उन्हावर चालणारीं वाळवणयंत्रें गांवांतील स्त्रियांकडे द्यावयाचीं, बाजारांत न खपणारा कांदा, टोमॅटो, आलें असा माल त्यांनीं चिरून वाळवावयाचा, व तो घेऊन कंपनीनें मोठ्या भटारखान्यांस व खाद्यपदार्थांच्या कारखान्यांस विकावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. ज्यानें भाव पडल्यावर टोमॅटोची पाटी रस्त्याच्या कडेस उपडी केली आहे, त्यास हिचें मोल निराळें सांगावयास नको.

परंतु येथें एक हिशेब ध्यानांत ठेवावा. कांद्यांत शेंकडा सुमारें ८५ ते ८८ व टोमॅटोंत सुमारें ९४ भाग पाणी असतें. म्हणजे शंभर किलो कांद्यापासून साल-मूळ काढून दहा किलोंच्या आसपास, आणि शंभर किलो टोमॅटोपासून पांच-सहा किलोच सुका माल हातीं येतो. सुक्या मालाचा भाव ऐकून हुरळून जाण्यापूर्वीं त्यास दहानें अगर अठरानें भागावें, आणि त्यांतून चिरणावळ व वाहतूक वजा करावी. मगच ओला विकणें बरें कीं वाळविणें बरें, हें ठरेल.

चौथा ‘बूमित्र’, म्हणजे भूमीचा मित्र. यासही २०२३ सालींच पारितोषिक मिळालें. शेतांतील मातींत किती कर्ब सांठला याचा अंदाज उपग्रहांच्या साहाय्यानें करावयाचा, धूर सोडणाऱ्या कारखानदारांस त्याचीं प्रमाणपत्रें विकावयाचीं व उत्पन्नाचा वाटा शेतकऱ्यास द्यावयाचा, हा त्याचा व्यवसाय. आमच्या गांवीं आलेल्या गृहस्थांची कंपनी निराळी. परंतु धंदा याच जातीचा.

याचेंही गणित मांडून पाहूं. एक एकर जमिनीच्या वरच्या एक फूट मातीचें वजन सुमारें १६०० टन भरतें. तींतील सेंद्रिय कर्ब शेंकडा ०.५० वरून ०.६० झाला, तर दीड टनाहून थोडा अधिक कर्ब वाढला. एक टन कर्ब म्हणजे हवेंतील ३.६७ टन कर्बवायु. म्हणून एकरीं सुमारें पावणेसहा टनांचीं प्रमाणपत्रें झालीं. मात्र एवढी वाढ होण्यास शेणखत, हिरवळीचें खत व कमी नांगरट यांचीं कित्येक वर्षें लागतात. आणि एकाच शेतांतील दोन कोपऱ्यांच्या मातींतही एक-दशांश टक्क्याचा फरक सहज निघतो. अर्थात् सारी भिस्त मोजणीवर आहे.

याखेरीज लंडनचीं ‘ॲशडेन’ पारितोषिकें २००१ सालापासून दिलीं जातात. पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेस तीं दोनदां मिळालीं. २००२ सालीं उंसाच्या पाचटापासून कोळसा करण्याबद्दल, व २००६ सालीं खरकट्या अन्नावर चालणाऱ्या घरगुती गॅसयंत्राबद्दल. पाचट पेटवून देण्याची खोड अद्याप ज्यांची गेली नाहीं, त्यांनीं ही गोष्ट जरूर ध्यानांत घ्यावी. ज्यास आपण काडी लावतों, त्याच वस्तूच्या सदुपयोगाबद्दल पुण्याच्या संस्थेचा लंडनास गौरव झाला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण शाखेनेंही २०१८ सालीं कोचीनच्या विमानतळास ‘पृथ्वीचे वीर’ या अर्थाचा किताब दिला. कारण २०१५ पासून तो सर्वस्वीं सौर विजेवर चालूं लागला. तेथें सौर पत्र्यांच्या मधल्या जागेंत भाजीपालाही पिकवितात.

आतां मुख्य प्रश्न. पारितोषिक म्हणजे पुरावा काय? माझें उत्तर असें कीं, ती चांगली शिफारस आहे, पंचनामा नव्हे. हें मी स्वतःच्या अनुभवावरून म्हणतों, आणि तो अनुभव मला भूषणावह नाहीं.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका पीक-कापणी प्रयोगावर देखरेखीस मला धाडलें होतें. त्या दिवशीं पाऊस लागला व ओढ्यास पाणी आलें. निवडलेलें शेत पलीकडच्या माळावर होतें. मीं ओढा उतरण्याचा कंटाळा केला, अलीकडच्या काळ्या रानांतील पिकावरून अदमास बांधला व रकाने भरले. कागद नीटनेटका होता. वरिष्ठांनीं तो वाखाणलाही. त्या गांवची पैसेवारी पन्नासाच्या वर गेली व सवलती हुकल्या. पुढें तेथील एक वृद्ध शेतकरी कचेरींत येऊन मला एवढेंच म्हणाले, “भाऊसाहेब, तुमचा कागद पिकला, आमचें रान नाहीं.” त्यावर मजजवळ उत्तर नव्हतें, आजही नाहीं. तेव्हांपासून कोणताही सुबक आंकडा दिसला कीं प्रथम मनांत येतें, हा मोजणारा ओढा उतरून गेला होता काय?

म्हणून शेतकरीबंधूंस विनंती आहे कीं, पारितोषिकाचें चित्र पुढें आलें म्हणजे चार गोष्टी विचाराव्या. पहिली: पारितोषिक कोणी, कोणत्या सालीं व नेमकें कोणत्या कामाबद्दल दिलें? प्रवेशशुल्क भरल्यावांचून अर्जच न घेणारींही पारितोषिकें पुष्कळ आहेत. दुसरी: आंकडे कोणी मोजले, कंपनीनें स्वतः कीं तिऱ्हाइतानें, आणि तुलना कशाशीं केली? पाण्याची बचत मोकाट पाण्याशीं ताडून सांगितली कीं ठिबकाशीं, यानें फार अंतर पडतें. तिसरी: शेतकऱ्याच्या पदरांत काय, केव्हां व कोणत्या हिशेबानें पडणार? चौथी: करार मराठींत आहे काय, त्याची मुदत किती, व मध्येंच सोडावयाचा झाल्यास वाट कोणती? कर्बाचा करार असेल तर सही करण्यापूर्वीं आपल्या शेताची माती स्वतः तपासून घेऊन तो अहवाल जपून ठेवावा.

आमच्या गांवीं याप्रमाणें चौकशी केली. एका शिकलेल्या मुलीकडून करारनामा वाचवून घेतला. मुदत वीस वर्षांची निघाली. पैसे केव्हां मिळणार याचें कलमच नव्हतें. आणि मानपत्र बारकाईनें पाहिलें तों तें कंपनीच्या कचेरीच्या इमारतींत वीज वांचविल्याबद्दल होतें. शेतजमिनीचा त्यांत शब्दही नव्हता. तिघांपैकीं दोघांनीं सही रद्द करण्याचें पत्र दिलें. तिसऱ्यानें करार कायम ठेविला. पण माती तपासून घेतली, हेंही थोडें नाहीं.

याचा अर्थ हीं पारितोषिकें निरर्थक आहेत असा कोणीं करूं नये. फेकलेला टोमॅटो, जाळलेलें पाचट व कसहीन झालेली माती हीं आपल्याच घरचीं दुखणीं आहेत, आणि त्यांवर इलाज शोधणाऱ्यांची जगानें पाठ थोपटली ही आनंदाची गोष्ट होय. त्यांचें यंत्र अवश्य पाहावें, त्यांस शेतावर बोलवावें, एक गुंठ्यावर प्रयोग करून पाहावा. पीक-स्पर्धेंतही ढाल देण्यापूर्वीं पंचांसमक्ष कापणी होऊन धान्य मापलें जातें. तीच रीत येथेंही चालवावी, म्हणजे खऱ्याचा मान वाढेल व खोट्यास गांवची वेस ओलांडतां येणार नाहीं.