रायफलची पारख

शिकारीच्या गोष्टी ऐकावयास सर्वांनाच आवडते. परंतु त्या गोष्टींत नेम सहसा चुकत नाही. चुकलेल्या गोळीचे पुढे काय होते, याचा विचार फार थोडे लोक करतात. म्हणून आरंभीच एक उदाहरण देतो. १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी कुमाऊँमधील चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदले गेले होते. कॉर्बेट यांनी तिचा जबडा तपासला, तेव्हा उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला व खालचा हाडापर्यंत गेलेला आढळला. तो एका जुन्या गोळीचा परिणाम होता. या दुखापतीमुळेच तिला आपली नेहमीची शिकार साधेना आणि ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेट यांचे मत होते. एक गोळी चार बोटे इकडे-तिकडे जाणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता हौसेच्या शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. परंतु अमेरिका, दक्षिण आफ्रिका इत्यादी देशांत अस्वल, रानरेडा अशा जनावरांसाठी मोठ्या नळीच्या रायफली आजही वापरतात, आणि पुष्कळ शिकारी आपली काडतुसे स्वतः भरतात. रिकामी पितळी पुंगळी, प्राइमर, दारू आणि गोळी हे चार घटक हाताने जुळवावयाचे, आणि आपल्या रायफलला कोणती जुळणी मानवते ते पाहावयाचे. ही जुळणी प्रसिद्ध कोष्टकांच्या मर्यादेतच करावयाची असते. तेथे धाडसाला जागा नाही.

आता परीक्षा कशी घेतात ते पाहू. शंभर यार्डांवर कागदी लक्ष्य लावतात. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून तीन किंवा पाच गोळ्या झाडतात आणि एकमेकांपासून सर्वांत दूर पडलेल्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर मोजतात. या छिद्रांच्या पुंजक्यावरून रायफलची पारख होते. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. शंभर यार्डांवर तो सुमारे एक इंच भरतो.

हे सोपे वाटते. पण मोठ्या रायफलीच्या बाबतीत पहिली अडचण स्वतः नेमबाजच होय. १९१२ साली निघालेले .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे काडतूस घ्या. त्याची ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १९ ग्रॅमची, गोळी सेकंदास सुमारे ७६० मीटर वेगाने निघते. तिच्या व वायूच्या धक्क्याने सव्वाचार किलोची रायफल सेकंदास सुमारे पाच मीटर वेगाने खांद्यावर आदळते. दहा-बारा बार झाले की शरीर शहाणे होते. चाप ओढण्याआधीच खांदा आखडतो, डोळा मिटतो. मग कागदावर दिसते ती काडतुसाची चूक नसून माणसाची भीती असते. तिचा शोध घेण्याची एक जुनी युक्ती आहे. सोबत्याने, आपल्याला न कळवता, मधूनच दारू नसलेले खोटे काडतूस भरावयाचे. बार होत नाही, पण नळी खाली झुकते. आणि नेमबाजाला कोणी काही सांगावे लागत नाही!

दुसरी अडचण गणिताची आहे, आणि ती अधिक फसवी आहे. समजा, एका गृहस्थाने दहा प्रकारे काडतुसे भरली, प्रत्येकाच्या तीन गोळ्या झाडल्या आणि ज्याचा पुंजका लहान तो उत्तम ठरविला. आम्ही म्हणतो, त्याने बहुतांशी नशीबच मोजले. एकाच जुळणीच्या काडतुसांचा एक तिकडा एक इंचाचा व दुसरा दोन इंचांचा येणे यात नवल नाही. शिवाय गोळ्या वाढतील तसा पुंजका पसरतो: तीन गोळ्यांचा सरासरी पुंजका एक इंच असेल, तर त्याच काडतुसांच्या पाच गोळ्यांचा सुमारे सव्वा इंच आणि दहा गोळ्यांचा दीड इंचाहून थोडा अधिक होतो. रायफल बिघडत नाही. तिचे खरे रूप हळूहळू उघडे होते. म्हणून शहाणा माणूस एका वेळी एकच घटक बदलतो, पुंजके अनेक काढतो, आणि नको असलेले छिद्र 'हात हलला' म्हणून वगळत नाही.

तिसरी गोष्ट हवेची. तापलेली दारू अधिक दाब निर्माण करते. या कारणाने इंग्रज कारखानदार हिंदुस्थानासारख्या उष्ण प्रदेशांसाठी कॉर्डाइट कमी घातलेली काडतुसे मुद्दाम काढीत. थंड सकाळी घेतलेली परीक्षा भर उन्हात खरी ठरेलच असे नाही. तेव्हा जेथे वापरावयाचे, तशाच हवेत पारखावे.

आणि अखेरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जनावरासमोर पाच गोळ्यांचा पुंजका कोणी काढीत नाही. तेथे प्रश्न पहिल्या गोळीचा, तोही थंड नळीतून. म्हणून एक परीक्षा आम्हांला सर्वांत प्रामाणिक वाटते: रोज एकच गोळी, थंड नळीतून, त्याच कागदावर, असे दहा दिवस. दहाव्या दिवशीचा कागद दिसावयास फारसा सुंदर नसेल. मित्रांना दाखविण्यासाठी कोणी तो खिशात ठेवणार नाही. पण किती अंतरापर्यंत बार टाकावा आणि कोठे रायफल खाली ठेवावी, हे त्यावरूनच ठरते. चंपावतच्या वाघिणीवर ती जुनी गोळी झाडणाऱ्याला आपली मर्यादा ठाऊक होती की नाही, हे आता कळावयाचे नाही. तिची किंमत मात्र त्याने दिली नाही. ती दिली डोंगरात गवत कापावयास गेलेल्या बायकांनी.