कुत्रं हट्टी नाही, घाबरलेलं आहे

पुण्यात लग्न असतं. भाचा आणि त्याची बायको पंधरा दिवसांसाठी निघतात आणि त्यांचं वर्षाचं कुत्रं ग्वाल्हेरला, पाटणकर बाजारात मामा-मामींकडे येतं. या घरात आजवर कुत्रं पाळलेलं नसतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. सल्ले मायेने दिलेले असतात, पण त्यांतले बरेचसे चुकीचे. बहुतेकांच्या मुळाशी एकच चूक असते : भीतीला हट्ट समजणं.

‘जेवत नाही म्हणजे नखरे करतंय.’ तसं नसतं. घर नवं, वास नवे, आपलं माणूस दिसत नाही. अशा ताणात भूक मरते. धडधाकट तरुण कुत्र्याने एखाद दिवस कमी खाल्लं तर घाबरू नये. नेहमीचंच खाणं नेहमीच्या वेळी ठेवावं, थोड्या वेळाने निमूट उचलावं. पाणी पीत नसेल, उलट्या होत असतील किंवा दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही, तर डॉक्टरांना विचारावं. खरा धोका वेगळाच आहे. खात नाही म्हणून मामी लाडाने प्रसादाचा शिरा पुढे करतात आणि त्यात बेदाणे असतात. बेदाणे, मनुका, द्राक्षं यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर, याचा भरवसा नाही. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे आपली रोजची आमटीही नको. चॉकलेट विषारी. अंग गरम लागलं म्हणून आपल्या डब्यातली तापाची गोळी तर कधीच देऊ नये. कुत्र्याचं तापमान एरवीही १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला ते गरमच लागणार.

‘घाबरल्यावर जवळ घेतलं तर आणखी भित्रं होईल.’ हा समज फार खोल रुजलेला आहे आणि त्याने मुकी जनावरं विनाकारण एकटी पडतात. भीती ही भावना आहे, शिकवलेली खोड नव्हे. धीर दिल्याने ती वाढत नाही. कुत्रं आपणहून अंगाला टेकलं, तर शांतपणे हात फिरवावा. पलंगाखाली जाऊन बसलं, तर ओढून काढू नये. तिथेच त्याचं अंथरूण आणि भाच्याचा न धुतलेला शर्ट ठेवावा.

‘बाजारात फिरवा, आपोआप सवय होईल.’ माझ्या मते सगळ्यात घातक सल्ला हाच. स्कूटरचे हॉर्न, वरातीचा बँड, गल्लीतली आपली हद्द राखणारी कुत्री, हे सारं एकदम अंगावर आलं की भीती मुरते. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. दुकानं उघडण्यापूर्वी, पहाटे न्यावं. गोंगाटाच्या इतकं दूर थांबावं की ते हातातला खाऊ खाऊ शकेल. खाऊ नाकारला, तर आणखी मागे यावं. उन्हाळ्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हा दुपारचा रस्ता पंजे भाजतो. शिवाय बिचकलेलं कुत्रं मागे सरकून मान गळपट्ट्यातून सोडवून घेतं. म्हणून छातीवरून बांधायचा पट्टा हवा, त्यावर तुमचा फोन नंबर हवा आणि जिन्याचं दार लावलेलं हवं. अनोळखी भागात सुटलेलं कुत्रं हाकेला येईलच असं नाही.

चप्पल कुरतडल्यावर मान खाली घालतं, तेव्हा ‘त्याला चूक कळते’ असं म्हणतात. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासलं. तो ‘अपराधी’ चेहरा गुन्हा केला की नाही यावर नव्हे, मालक रागावला की नाही यावर अवलंबून होता. ‘शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे’ हेही अर्धंच खरं. शेपूट हलत असली तरी अंग ताठ असेल, ते ओठ चाटत असेल, झोप नसताना जांभया देत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल, तर मुलांना बाजूला घ्यावं.

‘दरारा दाखवा, तुम्ही म्होरके आहात हे कळू द्या’ ही कल्पना लांडग्यांवरून आली. ती लोकप्रिय करणाऱ्या लांडगे-अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की जंगलातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, म्होरकेपणासाठी भांडणारी टोळी नव्हे. मारल्याने कुत्रं फक्त गुरगुरणं सोडतं. मग इशारा न देता चावतं.

आणि चावलंच, तर ‘घरचं आहे, लस झालीय, हळद लावा’ यावर थांबू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद-तिखट-चुना काही लावू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. कुत्रं ताब्यात घेताना भाच्याकडून लसीचं कार्ड आणि त्याच्या डॉक्टरांचा नंबर मागून घ्या.